कोरा तुकडा

तान्ह्या बाळाच्या दुपट्याचं मोल रुखमा घेत नसे. तिच्या आईनंही कधी घेतलं नव्हतं. रीत एकच होती. बाळ वर्षाचं झालं की त्याच्या जुन्या झबल्याचा तुकडा रुखमाला आणून द्यायचा. तो पुढच्या बाळाच्या दुपट्यात जायचा.

दुपटं असे हातभर. वरच्या अंगाला तळं, मोहाचं झाड, कापूस भरून फुगवलेले बगळे. आतलं अंग मऊ, जुन्या कापडाचं, बाळाला लागणारं. दोऱ्याला गाठ कुठेही नाही, कारण गाठ बोचते.

चोपन्न साली शाळेवर नीलाबाई आल्या. रोज संध्याकाळी रुखमाच्या ओट्यावर बसून चहा पीत. स्वतःच्या घरी मात्र तिला व्हरांड्यातच बसवत. एक दिवस म्हणाल्या, "रुखमाबाई, चांद्याला माझ्या भाचीला दिवस गेलेत. दुपटं करून द्या. चांगलं भरगच्च."

रुखमानं पेटीतून रंभीचं झबलं काढलं. रंभी तिची एकुलती लेक, सव्वा वर्षाची असताना वारलेली.

"हे बी देऊन राह्यली?" नवरा नथ्थूनं विचारलं.

"पेटीत राहून कोणाले ऊब देते ते?"

झबलं आतल्या अंगाला लागलं.

पुढं विचारलं की नीलाबाई म्हणत, बाळ गुटगुटीत आहे. वर्ष उलटल्यावर त्यांनी गुलाबी फुलांचा तुकडा आणून दिला. रुखमानं सवयीनं नाकाशी नेला. दुधाचा वास नव्हता. होता नव्या कापडाच्या खळीचा.

"नाव काय ठेवलं बाळाचं?"

"अजून... बाळच म्हणतात."

दुसऱ्या दिवशी रुखमा व्हरांड्यात थांबली नाही, सरळ आत गेली. समोरच्या भिंतीवर काचेमागं तिचे बगळे होते. चौकटीखाली शिक्क्याचा कागद.

"चांद्याच्या प्रदर्शनात पहिलं आलं," नीलाबाई घाईनं म्हणाल्या. "तुमच्या हाताचं चीज झालं."

"कागदावर नाव कोणाचं हाय?"

"अर्ज माझ्या नावानं होता ना."

"अन् भाची?"

नीलाबाईंनी पदर सारखा केला. "भिंतीवर लावायला मागितलं असतं, तर दिलं असतं तुम्ही?"

"बगळे दिले असते, बाई. झबलं नसतं दिलं."

"काढून देऊ का?"

रुखमा जवळ गेली. चारी कोपऱ्यांत चुका ठोकल्या होत्या. आतलं अंग सरसानं फळीला चिकटवलेलं होतं. ओढलं असतं तर रंभीचं झबलं फळीवरच राहिलं असतं.

"राहू द्या."

गुलाबी तुकडा तिनं टेबलावर ठेवला. "हा तुमचा तुमच्यापाशी. कोणाच्या अंगाले लागला नाई तो."

त्यानंतर कुणी दुपटं मागितलं, तर रुखमा आधी बाळ जन्मू द्यायची. घरी जाऊन मांडीवर घ्यायची, मगच सुईत दोरा ओवायची. बाया हसत, "काऊन रुखमाबाई, आमच्यावर बी भरोसा नाई?"

रुखमा बाळाची टाळू हुंगायची.