एक सड करडांचा

चंदीगडजवळच्या आमच्या कैंबवाला गावात बातमी पसरली होती की कर्नल गाडेकरांच्या बायकोने नवऱ्याला बेडरूमबाहेर काढलं आणि त्याच्या जागी शेळी झोपवली. आता पसरली म्हणजे कोणीतरी पसरवली असणार, त्या चौकशीत पडू नका. दुरुस्ती एवढीच की शेळी नव्हती, करडू होतं. पलंगावर नव्हतं, हीटरशेजारी गीझरच्या खोक्यात होतं. आणि कर्नलसाहेबांना कोणी काढलं नव्हतं. रात्रभर बें-बें ऐकून ते आपणहून सोफ्यावर गेले होते. खोक्याजवळ खाली सतरंजीवर झोपत होत्या त्या त्यांच्या बायको, सुहासिनीताई.

ताई मूळच्या संगमनेरकडच्या. साहेब चंडीमंदिरच्या छावणीतून निवृत्त झाले तेव्हा बरोबरच्यांनी पंचकुल्यात फ्लॅट घेतले. ताईंनी सुखना तलावामागे, आमच्या कुंपणाला लागून, जमिनीचा तुकडा घेतला आणि बरबरी शेळ्या आणल्या. बरबरी म्हणजे बुटकी जात. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, उभे कान, उंची माझ्या गुडघ्याच्या जरा वर. पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मी विचारलं होतं, धुतल्यावर आटल्या का हो? ताई हसल्या नाहीत. शेळीवरचा विनोद त्यांच्या घरात चालत नाही, नवऱ्यावरचा चालतो.

शेळीला सड दोन. ताईंच्या माहेरची रीत अशी की करडं पाला खायला लागेपर्यंत धार एकाच सडाची काढायची. दुसऱ्याला हात लावायचा नाही, तो करडांचा. चहात दूध कमी पडलं म्हणून साहेब कुरकुरले की ताई सांगत, तुमची दुधाची पिशवी फ्रीजमध्ये आहे.

मग डेंगू आला. इकडे कोणाला डेंगू झाला की घरचे आधी शेळीचं दूध शोधतात. आमचे हे, गुरुनाथ, डॉक्टर आहेत. ते घसा फोडून सांगतात की दुधाने प्लेटलेट वाढत नाहीत. ताप उतरणीला लागला की त्या आपोआप वाढतात, तोवर पाणी पाजा, तपासण्या करा. लोक मान डोलावतात, 'जी डॉक्टरसाब' म्हणतात, आणि आमच्या फाटकातून निघून थेट ताईंची बेल वाजवतात.

ताई सगळ्यांना परत पाठवत होत्या. बर्फी नावाची शेळी नुकतीच व्याली होती. पेढा हा दांडगा बोकड आणि रेवडी ही मुठीएवढी पाठ, म्हणजे मादी करडू, अशी जुळी झाली होती तिला. एका सकाळी अकोल्याहून फोन आला. चंदीगडला सेक्टर चौतीसमध्ये कोचिंगला आलेल्या आणि डेंगूने पडलेल्या मधुरिमा नावाच्या मुलीची आई. ना ओळख ना पाळख, नंबर मिळाला मराठी मंडळाच्या ग्रुपवरून. ताईंनी तिला दूध उरत नाही म्हणून सांगितलं. त्या बाईने फोन ठेवला नाही, नुसती रडत राहिली.

त्या दिवशी ताईंनी बर्फीचे दोन्ही सड पिळले. आजच्या दिवस, म्हणाल्या.

पण एकीला दिलं की दुसरीला नाही कसं म्हणणार? मग एका हवालदाराची बायको आली, मग कोणाचे तरी सासरे. आजचा दिवस काही संपेना. कासेत जे उरे त्यावर पेढा ढुशा देऊन ताबा मिळवी, आणि रेवडी मागे उभी राही. ताईंनी तिला पिशवीचं दूध पाजून पाहिलं, तर तिला हगवण लागली. मी गेले त्या सकाळी ती पेंढ्यावर आडवी होती, तोंड गार. ताई टॉवेलने तिचं अंग चोळत होत्या.

"हिच्या तोंडचं मी काढलं गं," त्या म्हणाल्या. "दिसत होतं मला. दिसत असून काढलं."

मी दुसरा टॉवेल घेऊन रेवडीचे पाय चोळायला बसले.

गुरांचा डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेला. खोकं घरात आलं. बर्फीचा एक सड पेढ्याला, दुसऱ्याची धार बाटलीतून रेवडीला. माणसांना थेंब नाही. फाटकावर एक बाई चिडून म्हणाली, जनावरासाठी माणूस मारणार का? ताई ऐकून घेत उभ्या राहिल्या. मग फाटक लावून आत गेल्या.

मधुरिमा बरी झाल्यावर मिठाईचा डबा घेऊन आली. पाया पडली. म्हणाली, "काकू, तुमच्या दुधानेच वाचले मी." गुरुनाथांचं व्याख्यान माझ्या ओठांवर आलं होतं, पण ताईंनी टेबलाखालून माझा पाय दाबला. पोरीला तसंच मानू दिलं. खोक्यात डोकावून ती म्हणाली, किती गोड, ही जातच एवढीशी असते का?

"जात लहानच असते," ताई म्हणाल्या. "ही मात्र..." आणि चहा टाकायला उठून गेल्या. चहा कोरा आला. डबा उघडलाच नाही त्यांनी, मग तो मलाच घरी न्यावा लागला.

पुढे एका सकाळी रेवडी आपणहून खोक्याबाहेर आली, साहेबांच्या चपलांवर मुतली आणि डुगडुगत गोठ्याकडे निघाली. बर्फीने तिला हुंगलं. ताईंनी पेढ्याला गुडघ्यांत धरून ठेवलं आणि रेवडीचं तोंड सडाला लावलं. शेपटी हलायला लागली.

मी कुंपणावरून म्हटलं, "झालं ना ताई? ती सगळं विसरली. आता साहेबांना सोफ्यावरून परत बोलवा, नाहीतर मला नवी बातमी सोडावी लागेल."

ताईंनी वर पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "विसरली नाही ती. तिला तुझ्यासारखं बोलता येत नाही म्हणून, नाहीतर खरी बातमी केव्हाच गावभर झाली असती."