सोबत कुणी लागत न्हाई

सातवीत असताना महामायाला मेंदूज्वर झाला. ताप उतरला, पण दोन्ही कान गेले. बोलणं मात्र शाबूत राहिलं. आपला आवाज किती चढतो ते तिला कळायचं नाही, त्यामुळे मुदखेडच्या गल्लीत ती बोलायला लागली की पलीकडच्या अंगणातली माणसंही वळून बघायची. ब्लाऊज शिवून घर चालवणारी ही बाई गिऱ्हाईक, कापड, बाजार सगळं एकटी निभावायची. दवाखाना म्हटलं की मात्र मोठा भाऊ संघपाल पुढे आणि ती मागे.

गळ्याला गाठ आली तेव्हाही तसंच झालं. नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात संघपाल डॉक्टर मॅडमशी बराच वेळ बोलायचा आणि बाहेर आल्यावर तिला ओठ दिसतील असं सावकाश सांगायचा, "काही न्हाई. गोळ्या घे."

"एवढं बोलला अन् एवढंच?" तिनं विचारलं की तो चिडायचा.

गाठ वाढत होती. घास अडकायला लागला.

त्या दवाखान्याच्या दाराशी एक नवा फलक लागला होता. मोबाईलनं कोड स्कॅन करा, कुठं जायचं ते निवडा, कॅमेरा समोर धरा, रस्ता दिसेल. मागच्या खेपेला महामायानं तो वाचून ठेवला होता. एका सोमवारी घरात कुणाला न सांगता ती नांदेडच्या गाडीत बसली.

कोड स्कॅन करून तिनं फोन समोर धरला. पडद्यावर समोरचीच फरशी दिसत होती आणि तिच्यावर निळे बाण उमटले होते. बाण पुढं सरकले, तीही निघाली. कुणाला थांबवायचं नव्हतं, की तोंड फिरवून बोलणाऱ्याचे ओठ शोधायचे नव्हते.

मधेच एका हातानं तिचा फोन खाली दाबला. पहारेकरी होता. छातीवरच्या पट्टीत नाव होतं, शेषेराव. मागून हाका मारून तो तापला होता. "शूटिंग बंद करा!" तिनं ओठांवरून ओळखलं.

"शूटिंग न्हाई. रस्ता बघून राहिले. मला ऐकू येत न्हाई."

सगळी रांग वळली.

"मंग सोबत कोण हाय?"

"सोबत कुणी लागत न्हाई."

"बहिऱ्या बाईला एकटीला कसं सोडलं?"

"बहिरी हाय, हरवलेली न्हाई. फलक तुमच्याच दवाखान्याचा हाय, जाऊन वाचा. हात काढा."

त्यानं हात काढला, पण तो मागं मागं येत राहिला. पुढच्या वळणावर बाण थेट प्लायवूडच्या आडभिंतीत घुसले. लिफ्टकडचं काम चालू होतं, फोनला त्याचा पत्ताच नव्हता. शेषेरावानं हसून खूण केली, चला, मी नेतो. महामायानं मान हलवली. तिनं फोनवर लिफ्टऐवजी जिना निवडला. बाण दुसरीकडून वळले आणि ती वर पोचली.

डॉक्टर मॅडमनी तिच्या मागं दाराकडं बघितलं. "भाऊ नाही आले?"

महामायानं बोललेलं लिहून दाखवणारं ॲप उघडून फोन टेबलावर ठेवला. "हितं बोला. मी वाचते. माझं मला सांगा."

मॅडम बोलल्या, अक्षरं उमटत गेली. 'ऑपरेशन करावं लागेल. तुमच्या भावाला मागेच सांगितलं होतं. ते नको म्हणाले.'

तिनं पुन्हा वाचलं. "गळा माझा हाय, म्याडम. तारीख द्या."

घरी आल्यावर तिनं संघपालला अंगणातच गाठलं. "मला का सांगितलं न्हाई?"

तो खाली बघून बोलायला लागला. तिनं त्याची हनुवटी धरून तोंड वर केलं. आता त्याचे ओठ दिसले. "माय ऑपरेशनला गेली ती माघारी आली न्हाई. म्हून भ्यालो."

आईचं दुःख तिलाही होतं. पण ती नमली नाही. "भेव तुला हाय, गाठ मला हाय. यायचं तर ये. माझ्या वतीनं बोलायचं न्हाई."

तो आला. ऑपरेशनच्या दिवशी नर्सनं संमतीचा कागद सवयीनं त्याच्यापुढं धरला. संघपालनं हात मागं घेतला आणि बहिणीकडं बोट केलं. महामायानं सगळा कागद सावकाश वाचला, नर्स घड्याळाकडं बघत असतानाही वाचला, आणि मग सही केली.

गाठ साधी निघाली. काही दिवस तिचा आवाज बसला होता. गल्लीतल्या बायांना चुकल्यासारखं वाटायचं. आता तो आवाज पहिल्यासारखाच पलीकडच्या अंगणापर्यंत जातो.