घोंगडीखालची बॅटरी

शिरवळच्या कारखान्यात मी इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटऱ्या तपासते. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगतेच. माण तालुक्यातल्या आमच्या मेंढपाळांच्या वाडीतून कारखान्यात गेलेली मी पहिली पोरगी, मग का सांगू नये?

पहिल्या वर्षाच्या पगारातून मी आबांना, म्हणजे वडिलांना, तसलीच विजेवरची स्कूटर घेऊन दिली. जुन्या फटफटीच्या पेट्रोलसाठी सारखी पडणारी दहिवडीची खेप वाचली म्हणून ते खूश होते. पण माझं ऐकायचं म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. बॅटरी उघड्यावर, मोकळ्या जागी चार्ज करा, एवढंच मी सांगत होते. ते म्हणायचे, "आमी लांडग्यापासनं मेंढरं राखली. ही पेटी राखायला काय अवघड हाय?"

पौषातल्या एका सकाळी मी सुट्टीला घरी पोचले. घरामागच्या खोपीत आठ दिवसांची कोकरं होती, बाजूला कडबा रचलेला, आणि कोपऱ्यात काहीतरी आबांच्या काळ्या घोंगडीत गुंडाळलेलं होतं. घोंगडीखालून चार्जरची वायर बाहेर आली होती.

"आबा, हे काय?"

"मगाशी गावाकडनं आलो, तवाच बॅटरी चार्जिंगला लावलीया. थंडी लय हाय, कोकरागत तिलाबी ऊब नको व्हय?"

आमच्याकडं जीव लावायचा म्हणजे घोंगडीत गुंडाळायचं. नवं कोकरू, तापलेलं पोर, सगळ्यांना तोच उपाय. मी घोंगडीवर हात ठेवला आणि चटका बसला. गोडसर, रसायनासारखा वास येत होता. बॅटरी पेटण्याआधी येणारा तो वास मला कारखान्यातून ओळखीचा होता.

मी धावत जाऊन मेन स्विच पाडला आणि ओरडले, "आबा, कोकरं भायेर काढा! आत्ताच्या आत्ता!"

आमच्या घरात आबांवर कुणी आवाज चढवला नव्हता. आजोबांनीसुद्धा नाही. पण ते लगेच वाकले आणि काखेत दोन, हातात एक, अशी कोकरं बाहेर नेऊ लागले. मी घोंगडीची दोन टोकं धरून बॅटरी फरफटत उघड्या खडकावर नेली आणि माझ्या ओरडण्यानं जमलेल्या सगळ्यांना लांब उभं केलं. थोड्याच वेळात पांढरा धूर निघाला, मग फटाफट आवाज झाले आणि जाळ उसळला. सगळी वाडी बघत होती. खोटं कशाला बोलू, मला स्वतःचा लय अभिमान वाटला.

आबा ती जळकी बॅटरी ओढ्यात टाकायला निघाले, तेव्हाही मी अडवलं. पाण्यात विष कालवायचं नाही म्हटलं. ती पत्र्याच्या डब्यात वाळूखाली दोन दिवस बाहेर ठेवली आणि मग दुकानदाराकडं परत पाठवली. या सगळ्यात आबा माझ्याशी अवाक्षर बोलले नाहीत. लेकीनं चारचौघांत खेकसावं, हे त्यांच्या मनाला लागलं असणार, असं मी धरून चालले.

निघायच्या दिवशी ते खोपीतून एक कोकरू घेऊन आले. आमच्यात मेंढराच्या कानावर मालकाची खूण कापतात. प्रत्येक लेकाची खूण वेगळी, वाटणी सोपी जावी म्हणून. लेकीची खूण नसते, ती परक्या घरी जाणार.

आबांनी कात्री धोतराला पुसली, कोकराचा कान बोटांत धरला आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "तुजी खूण कसली करू?"