न सांगता घातलेलं दुसरं अंथरूण

त्या दिवसांत देवासमोर बसले तरी माझं मन थाऱ्यावर नसायचं. अबू धाबीला अल रीम आयलंडवर आमचा फ्लॅट आहे. स्वयंपाकघरात मायक्रोवेव्हच्या शेजारी छोटंसं देवघर, त्यात माहेरहून आणलेली दत्तगुरूंची तसबीर. लग्न होऊन इथे आले तेव्हापासून सकाळची सुरुवात तिथे दिवा लावूनच. पण ईरा, आमची एकुलती एक मुलगी, शिकायला जपानला क्योतोला गेली आणि काही महिन्यांतच तिचा आवाज बदलला. तेव्हापासून दिवा लावताना माझ्या तोंडून प्रार्थना निघेना. निघायची ती तक्रारच.

आवाज बदलला म्हणजे नेमकं काय, हे मला कुणाला सांगता येत नसे. ती फोन घ्यायची, पण कॅमेरा बंद. "जेवलीस का गं?" "येस, आई." "कॉलेज कसं चाललंय?" "ऑल गुड. डोन्ट वरी." ती इथेच लहानाची मोठी झाली. मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, ही आमच्या घरची रीतच आहे. पण पूर्वी त्या उत्तरांत हसू असायचं, वाद असायचा, आता नुसती उत्तरं उरली होती. यजमान म्हणायचे, "अगं, नवीन देश आहे, होईल सेटल, इन्शाल्ला." मला ते पटावं असं फार वाटायचं, पण पटत नव्हतं.

शेवटी मी एकटीनेच जाऊन यायचं ठरवलं. यजमानांना प्रोजेक्टमुळे रजा मिळणार नव्हती. ईराला सांगितलं तर ती आधी नकोच म्हणाली. मग म्हणाली, "ओके, बट माझी रूम टायनी आहे. यू स्टे इन अ हॉटेल, आय विल कम अँड मीट यू." आईने आपल्याजवळ राहू नये असं तिला वाटतंय, एवढंच मला त्यातून ऐकू आलं.

मग सुरू झाली जागेची शोधाशोध. यजमानांनी स्टेशनजवळचं एक मोठं हॉटेल काढलं. तिथे इंग्रजी बोलणारी माणसं, नाश्ता, लिफ्ट, सगळं होतं. "यल्ला, चल, करून टाक बुक," ते म्हणाले. माझं बोट मात्र बटणावर जाईना. लॅपटॉपवर मला सारखी दिसत होती ती ऱ्योकान, म्हणजे जुन्या पद्धतीची जपानी घरगुती निवासं. लाकडी दारं, गवताच्या जाड चटया घातलेली जमीन, जमिनीवरच जेवण आणि जमिनीवरच झोपणं. का ओढ वाटत होती कोण जाणे. विरोधात कारणं भरपूर होती. "तुझे गुडघे बघ आधी," यजमान म्हणाले, "खाली बसलीस तर उठवायला कोण येणार? आणि त्यांच्या आमटीतसुद्धा मासे असतात." खरंच होतं ते. आंघोळही सगळ्यांसाठी एकाच मोठ्या हौदात, हे वाचून तर मी लॅपटॉपच मिटला होता. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडला. मुलीचं काय बिनसलंय ते कळत नव्हतं आणि मी झोपायचं कुठे यावर डोकं शिणवत होते. माझं मलाच हसू यायचं, आणि रडूही.

एका शनिवारी सकाळी आम्ही दुबईच्या हायवेवरच्या मंदिरात गेलो. यजमान गाडी लावायला गेले आणि मी अभिषेकाच्या रांगेत उभी राहिले. पाणी घालताना ईराच्या काळजीने मला शब्दच सुचेनात. शेवटी मनात एवढंच आलं, "देवा, मला काही कळत नाही. निदान उतरायचं कुठे तेवढं तरी सांग." आपण देवाकडे काय मागतोय याची लाज वाटून मी बाहेर येऊन सावलीत बसले.

जवळच एक जपानी बाई दगडावरचं कोरीवकाम बघत उभ्या होत्या. माझ्याच वयाच्या, डोक्यावर ओढणी नीट घेतलेली. नवऱ्याच्या नोकरीमुळे त्या अबू धाबीत राहत होत्या, आणि पहिल्यांदाच मंदिर बघायला आल्या होत्या. त्यांनी हळू, जपून इंग्रजीत विचारलं, "आत मूर्तीवर पाणी घालताना लोक काय म्हणतात?"

"जे हवं असेल ते मागतात," मी म्हटलं.

"विचारलं तर चालेल का? तुम्ही काय मागितलं?"

मी खरं तेच सांगून टाकलं. "क्योतोला उतरायला जागा."

त्या म्हणाल्या, "माझं माहेर क्योतोचं."

अंगावर काटा आला. पण तो योगायोग होता की आणखी काही, यावर वाद घालायची मला गरज वाटत नाही. त्यांचं नाव मिचिको. त्या माझ्याजवळ बसल्या आणि थोरल्या बहिणीच्या मायेने समजावू लागल्या. फोटो बघून ऱ्योकान निवडू नका, चालवणारी माणसं कोण आहेत ते बघा. गुडघे दुखतात हे आधीच सांगा, लाज वाटून घेऊ नका, तिथली माणसं पाठ टेकायची खुर्ची आणून ठेवतात. मासे चालत नाहीत हेसुद्धा सांगा. हौदाची वेळ आपल्यापुरती मागून घेता येते. मी म्हटलं, "मुलगी तिकडे शिकते. ती तिच्याच खोलीवर राहणार आहे. मी एकटीच आहे." याहून जास्त मी काही बोलले नाही.

मिचिकोबाईंनी तिथेच फोन लावला. त्यांच्या आईच्या मैत्रिणीच्या सुनेचं एक छोटं ऱ्योकान होतं, ईराच्या कॉलेजपासून जवळ. त्या उभं राहून बोलत होत्या आणि समोर कुणी नसताना मध्येमध्ये कमरेतून वाकत होत्या. बरंच बोलल्या. मला त्यातलं अक्षरही कळलं नाही. तेवढ्यात यजमान आले. मी म्हटलं, "जागा मिळाली." ते कपाळाला हात लावून हसले, पण नको म्हणाले नाहीत.

क्योतोच्या अरुंद गल्लीतलं ते घर बाहेरून ओळखूही आलं नसतं. मालकीणबाई उंबऱ्यातच गुडघ्यांवर बसून स्वागताला हजर. खोलीत माझ्यासाठी खुर्ची ठेवली होती. थोड्या वेळाने ईरा आली. गालफडं बसलेली, मनगटं काटक्यांसारखी. मला ओरडून रडावंसं वाटलं, पण मी तिला नुसतं जवळ घेतलं. तेवढ्यात मालकीणबाई तिच्याकडे बघून हसत काहीतरी म्हणाल्या आणि ईरा एकदम थबकली.

"काय म्हणाल्या गं?"

"घरी आलीस," ती म्हणाली. "घरी परत आलेल्या माणसाला म्हणतात तसं म्हणाल्या."

किती तरी वर्षांनी ती माझ्याशी अख्खं मराठीत बोलली होती.

चहा घेऊन ती निघणार होती. पण मालकीणबाईंनी तिला जेवायला ठेवून घेतलं, आणि जेवणानंतर चटईवर अंथरुणं घातली, आणि ती दोन होती, अगदी एकमेकींना चिकटून. उशाशी झोपताना घालायचे, घडी केलेले दोन झगे. मी गडबडून म्हटलं, "यांचा काहीतरी घोटाळा झालाय, तू सांग ना यांना." ईरा त्या अंथरुणावर आडवी झाली आणि माझा हात धरून लहान मुलीसारखी झोपून गेली.

सकाळी मालकीणबाईंनी तिच्यासाठी मऊ भात आणला, आपल्याकडे आजाऱ्याला देतात तसा. ईराने तो सगळा खाल्ला. मग वाटी हातात धरूनच बोलायला लागली. वर्गात गेलं की श्वास कोंडतो, म्हणून कॉलेजात जाणंच सोडलं होतं. अन्न जात नव्हतं. बाबांनी एवढ्या हौसेने पाठवलं, त्यांना कसं सांगू, म्हणून कॅमेरा बंद. "मला वाटत होतं आई, तुला हॉटेलच्या लॉबीत भेटावं, हसावं, आणि तू परत जावीस. तसंच केलं असतं मी."

निघताना मी ईराकरवी मालकीणबाईंना विचारलं, दुसरं अंथरूण कसं काय घातलंत? त्या सहज म्हणाल्या, मिचिकोंनी फोनवर तसंच सांगितलं होतं. एक आई येतेय, मुलीच्या काळजीत आहे. मुलगी राहणार नाही असं त्या म्हणतील, पण तुम्ही न विचारता दोघींचं घाला.

ईरा माझ्याबरोबर अबू धाबीला आली. डॉक्टर, औषधं, समुपदेशन असं सगळं रीतसर झालं. सोपं नव्हतं. कधी दोन पावलं पुढे, कधी दिवसभर खोलीचं दार बंद. यजमानांनी तिला एकदाही "का" म्हणून विचारलं नाही, फक्त रोज संध्याकाळी समुद्राकाठी फिरायला नेलं. मिचिकोबाईंना मी भेटून विचारलं, "मी तर तुम्हाला काहीच सांगितलं नव्हतं!" त्या म्हणाल्या, "मुलीचं नाव काढलंत तेव्हा तुम्ही ओढणी पिळत होतात." आपण काही विशेष केलं, असं त्यांना वाटतच नव्हतं.

ते सगळं माझ्या हुशारीने झालं नाही. माझ्या हातात होतं ते एवढंच, की मला कळत नाही हे एकदा मनापासून कबूल करायचं. मोठी गोष्ट मागायची हिंमत नव्हती म्हणून मी छोटी मागितली, आणि देणाऱ्याने छोट्याच्या आडून मोठी देऊन टाकली. अजूनही काळजी वाटते. आई आहे, वाटणारच. पण ती वाहायला आता मी एकटी नाही, असं वाटतं.

या महिन्यात ईरा स्वतःहून परत कॉलेजला गेली. विमानतळावर मी सूचनांची माळ लावणार होते, पण तिनेच माझे दोन्ही हात धरले. "आई, मी हसत बोलले तर खुशाल झोप. रडले तर ये."

"येईन," मी म्हटलं. आणि तिचे हात सोडले.