काचेपाशी आलेला सारस

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी ह्यांना स्पष्टच सांगितलं. नजरेच्या मधोमधचं जे गेलंय ते परत येणार नाही. कडेचं दिसतं तेवढं राहील, पण तेही किती दिवस, ते सांगता येत नाही.

हे बँकेतून रिटायर झालेले. चाळीस वर्षं दर रविवारी गळ्यात दुर्बीण अडकवून इंदूरच्या आसपासचे तलाव पालथे घातले त्यांनी. मी सोबतीला जायची ती डबा आणि थर्मास घेऊन. पक्षी ह्यांनी बघायचे आणि मी हो म्हणायचं, असंच चालत आलेलं.

डॉक्टरांकडून आल्यावर दोन महिने हे जुन्या इंदुरातल्या आमच्या घराबाहेर पडले नाहीत. दिवसभर रेडिओ लावून बसायचे. जानेवारीत एका सकाळी मीच म्हटलं, "बेटम्याकडच्या तलावावर जाऊ या. सारसांची जोडी आली असेल."

"मी तिथे येऊन काय करू?"

"मी बघून सांगेन ना."

"तुला बगळा आणि ढोकरी यातला फरक कळत नाही," हे म्हणाले. पण उठून स्वेटर घातला.

गाडी मी चालवली. साठी उलटल्यावर शिकले आहे, त्यामुळे हे शेजारी जीव मुठीत धरून बसतात. तलावाच्या पाळीवर गाडी लावली. धुकं जरा विरळ झालं तशी मी दुर्बीण डोळ्यांना लावली.

"काळे काळे खूप आहेत पाण्यात," मी म्हटलं.

"चोच कशी आहे? कपाळ पांढरं आहे का?"

"पांढरं वाटतंय."

"वाटतंय काय? नीट बघ."

मला फोकस जमत नव्हता. मी काहीबाही सांगत राहिले. थोड्या वेळाने ह्यांनी विचारणंच सोडलं. ते मला त्यांच्या रागावण्यापेक्षा वाईट वाटलं.

पाळीच्या खाली लसणाचं शेत आहे. तिथला शेतकरी आम्हाला बरीच वर्षं ओळखतो. तो वर आला, राम राम झालं. मी जोडीचं विचारलं, तर त्याने मान हलवली.

"जोडी तो टूट गई, काकीजी. दिवाली के बाद मादा बिजली के तार में आ गई. अब ये अकेला घूमता है."

त्यानेच तिला शेताच्या कडेला पुरलं होतं. दोन दिवस नर तिथून हलला नाही म्हणे. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चल, गाडीत बसू. वारा लागतोय."

आम्ही काचा बंद करून बसलो. मी पोह्यांचा डबा उघडला. ह्यांनी नको म्हटलं. तेवढ्यात ठक ठक आवाज आला.

"काय वाजवतेस?"

"मी नाही," म्हणत मी वळले. ह्यांच्या बाजूच्या काचेपाशी सारस उभा होता. गाडीपेक्षा उंच. मान वाकवून तो काचेवर चोच मारत होता. ह्यांच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर.

"सारस आहे," मी हळूच म्हटलं. "तुमच्या काचेशी."

ह्यांनी झटकन तिकडे तोंड वळवलं आणि अर्थातच त्यांना काही दिसलं नाही. समोर धरलेलं काहीच त्यांना दिसत नाही. मग त्यांनी सावकाश मान माझ्याकडे फिरवली. बघत होते माझ्याकडे, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांना तो दिसत होता.

"लाल," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "डोळा नारिंगी आहे. नारिंगीच."

चाळीस वर्षांत इतक्या जवळून त्यांनी सारस पाहिला नव्हता. ह्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

शेतकऱ्याने खालूनच ओरडून सांगितलं, "छेडना मत. शीशे में उसको दूसरा दिखता है. मेरी मोटरसाइकिल का आईना भी रोज ठोकता है." आरशावर म्हणे त्याने आता गोणपाट बांधलं होतं.

"काच खाली कर," हे म्हणाले.

"चोच मारेल."

"कर."

मी बटण दाबलं. काच खाली गेली तसा सारस थांबला. आत हे होते, मी होते, पोह्यांचा डबा होता. हात लांबवला असता तर त्याच्या गळ्याला लागला असता, पण ह्यांनी लांबवला नाही. सारसाने आत डोकावून पाहिलं, दोन पावलं मागे सरकला आणि मागच्या काचेशी गेला. ती बंद होती. पुन्हा ठक ठक सुरू झालं.

"चल," हे म्हणाले. "गाडी काढ."

मी माझ्या बाजूने मागच्या सीटवर शिरून त्या काचेवर आतून शाल लावली. ती धड बसेना. काचेच्या वरच्या फटीत खोचली तेव्हा कुठे त्याचं ठोकणं थांबलं, पण तो गेला नाही, शालीसमोर उभाच राहिला. गाडी निघाल्यावर थोडं अंतर मागे मागे चालत आला. मी आरशात बघत होते. ह्यांना सांगितलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी कोणाला फोन केला नाही. पूर्वी एखादा साधा तुतारी पक्षी दिसला तरी चार मित्रांना कळवायचे.

पंधरा दिवसांनी हे आपणहून म्हणाले, "जाऊन येऊ." मी लगेच तयार झाले. मला वाटलं, आता गाडी रुळावर येईल. तलावावर सारस नव्हता. शेतकऱ्याला विचारलं, तर आठवडाभरात दिसला नाही म्हणाला. कुत्र्यांनी धरला असेल, नाहीतर उडून कुठे गेला असेल, कोण जाणे. हे काच खाली करून दुपारपर्यंत बसून राहिले. ऊन तोंडावर आलं तरी उठले नाहीत.

त्यानंतर आम्ही गेलो नाही. डाव्या डोळ्याची कडही आता धूसर होत चालली आहे. मी अधूनमधून विचारते, जाऊ या का म्हणून.

"काय आहे तिथे," हे म्हणतात, आणि रेडिओ लावतात.