वरची सिस्टर

आपली पायरी ओळखून वागणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण माझ्या धाकट्या मेहुणीइतकं हद्दीचं पक्कं माणूस अख्ख्या अरबस्तानात दुसरं सापडायचं नाही. सरहद्दीच्या चौकीवरचा शिपाई एखाद्या दुपारी पेंगेल, ही पेंगायची नाही. जुबैलच्या एका इस्पितळात ती प्रॅक्टिकल नर्स होती. नर्सिंगची पदवी घेऊन कराडहून आली, इथली मोठी परीक्षा पहिल्याच फटक्यात हुकली आणि खालच्या दर्जाचा परवाना घेऊन कामाला लागली. त्या परवान्यावर काय चालतं आणि काय नाही, हे तिला पाढ्यांसारखं पाठ होतं. ताप बघायचा, रक्तदाब मोजायचा, रुग्णाला आंघोळ घालायची, भरवायचं, कुशीवर वळवायचं, साधी जखम धुऊन बांधायची. गोळी द्यायची, तीही वरच्या सिस्टरच्या देखरेखीखाली. शिरेतून औषध सोडायचं नाही. रक्त चढवायला सुरुवात करायची नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे निष्कर्ष काढायचा नाही. जे दिसलं ते वरच्या सिस्टरला कळवायचं आणि बाजूला व्हायचं.

इस्पितळात हे रीतसरच होतं. पण शुक्रवारी ती आमच्या घरी यायची तेव्हाही परवाना अंगात भिनलेलाच असायचा. मी रास अल खैरला समुद्राचं खारं पाणी गोडं करण्याच्या प्रकल्पात नोकरीला. आठवडाभर पाइप आणि पंप बघून विटलेला माणूस शुक्रवारी हौसेने चहा करतो. तो मी तिच्यापुढे आणि माझ्या बायकोपुढे, म्हणजे तिच्या अक्कापुढे, ठेवायचो आणि कसा झालाय म्हणून विचारायचो. ती कपाकडे नीट बघून म्हणायची, "रंग फिका आहे दाजी. वाफ बरी आहे. अक्कानं पहिल्या घोटाला नाक मुरडलं. पुढचं तुम्ही ठरवा." एकदा आमच्या कॅम्पमधला चिपळूणचा एक वेल्डर कापलेलं बोट घेऊन आला. तिने ते इतकं सुरेख धुऊन बांधलं की त्याला ते बघणं सोडून कामावर जाववेना. जाताना त्याने विचारलं, "ताई, बरा होयल ना?" ती म्हणाली, "ते डॉक्टर सांगतील." तो बिचारा उंबऱ्यातच थबकला. "अवो ताई, मी बोटाचा इचारतंय, आयुष्याचा न्हाय," म्हणाला.

शेजारच्या कुलकर्ण्यांच्या भाचीला बघायला हुफूफहून एक मुलगा आला होता, तेव्हा तर तिने कमाल केली. मुलगा गेल्यावर सगळ्यांनी तिचं मत विचारलं. नर्स माणूस, माणसं वाचायची सवय असणार, असा त्यांचा समज. ती म्हणाली, "मुलीचे वडील बोलायला लागले की मुलाचा डावा पाय हलतो. मुलगी बोलायला लागली की थांबतो. खजूर खाल्ले, बिया खिशात घातल्या." मग कसा आहे मुलगा, असं कुलकर्णीकाकूंनी कळवळून विचारलं. "ते माझ्या कामात बसत नाही, काकू," असं म्हणून ती ताटं उचलायला गेली. त्या बियांवर कुलकर्ण्यांच्या घरात आठवडाभर खल झाला. शेवटी लग्न जमलं, आणि मुलगा उत्तम निघाला.

हसण्याचा भाग सोडला तर या सगळ्याखाली एक दुखणं होतं. तिची मुलगी कराडला वडिलांजवळ वाढत होती. प्रॅक्टिकल नर्सला नर्सेसच्या हॉस्टेलमध्ये एक खाट मिळते. नवरा-मुलीला आणायचं तर वरची जागा हवी आणि वरच्या जागेसाठी ती मोठी परीक्षा. ती तिने पुन्हा दिली आणि पुन्हा नापास झाली. मग इस्पितळाच्या कारभाऱ्याने बोलावून सांगितलं की आणखी एकदा बस; या वेळी जमलं नाही तर करार वाढवायचा नाही, खलास. ती आमच्याकडे आली आणि रडलीसुद्धा नाही. "डोळे कोरडे आहेत, भूक नाही," एवढंच तिने अक्काला सांगितलं.

आमची अक्का इथल्या भारतीय शाळेत मास्तरीण. तिने पुस्तक उघडून धाकटीला प्रश्न घालायला सुरुवात केली आणि अर्ध्या तासात रोग सापडला. रक्त चढवताना रुग्णाला थंडी वाजून धाप लागली, सगळ्यात आधी काय कराल? "वरच्या सिस्टरला कळवीन." रुग्णाची साखर एकदम उतरली? "वरच्या सिस्टरला कळवीन." अभ्यास तिचा चोख होता. रक्त ताबडतोब बंद करायचं हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. पण समोर पर्याय दिसले की हात आपला वर्षानुवर्षांच्या वाटेने जायचा. अक्काने पुस्तक मिटलं. "अगं, या परीक्षेत वरची सिस्टर तूच आहेस."

"मग मी कुणाला कळवू?" तिने खरोखर गोंधळून विचारलं.

त्या दिवसापासून अक्काने घराचा कारभार तिच्या हाती दिला. सुट्टी असेल तेव्हा तिने यायचं आणि घरातलं सगळं तिने ठरवायचं. आम्ही फक्त कळवणार. पहिल्या दिवशी मी वर्दी दिली की भेंडी आहे, वांगी आहेत, मंडळी भुकेली आहेत. ती भाज्यांपुढे इतका वेळ उभी राहिली की शेवटी आम्ही दुकानातली खबूस रोटी आणि दही खाऊन झोपलो. दुसऱ्या खेपेला तिने वांगी म्हटलं, लगेच चोरट्या नजरेने अक्काकडे पाहिलं. अक्का भिंतीकडे बघत बसली. वांगी झाली. आणि मग एकदा धरण फुटलं ते फुटलंच. तिने माझा दुसरा चहा बंद केला. लोणच्याची बरणी वरच्या फळीवर गेली. मी हौसेने आणलेला सोफा "दाराच्या वाटेत येतो" म्हणून दुकानदाराला परत गेला. तक्रार करावी तर "ठरलं. यल्ला, चला, पुढचं बोला," एवढंच उत्तर. कराडहून माझ्या साडूंचा घाबराघुबरा फोन आला, "साडूभाऊ, हिला तिकडं काय झालंय? पोरीची शाळा, माझा चष्मा, गच्चीची गळती, सगळं एका फोनमध्ये मिटवून मोकळी झाली." मी म्हटलं, बरं होतंय तिला.

परीक्षेच्या दिवशी आम्ही दोघं केंद्राबाहेर गाडीत बसून होतो. ती बाहेर आली, दार उघडून आत बसली आणि पट्टा लावता लावता म्हणाली, "पास झालेय मी." निकाल लागायचा होता. अक्काने मनातल्या मनात देव पाण्यात घातले. पण निकाल आला तो तिच्या बोलण्यावर शिक्का मारूनच. मी त्या दिवशी सबंध गल्लीत बुंदीचे लाडू वाटले. पाकिस्तानी वाण्याला दिले, इमारतीच्या राखणदाराला दिले, कुलकर्ण्यांना दोनदा दिले. माझी स्वतःची कुठली परीक्षा पास झाल्यावर मी इतका माजलो नव्हतो.

नवा परवाना आला, नवी जागा मिळाली, दोन खोल्यांचं घर मिळालं. दम्मामच्या विमानतळावर सकाळी आम्ही तिच्या माणसांना आणायला गेलो. साडू हात हलवत पुढे आले. मुलगी मागे, बॅग घट्ट धरून. फोनच्या पडद्यावर दिसायची त्यापेक्षा कितीतरी उंच. जवळ आली, वाकून आईच्या पाया पडली, परक्या बाईच्या पडावं तशी, आणि बाबांच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. माझ्या मेहुणीने तिच्याकडे क्षणभर पाहिलं.

"रागावलीय माझ्यावर," ती म्हणाली. "बरोबर आहे तिचं."

आणि ती गेली, मुलीच्या हातातली बॅग घेतली आणि तिच्या बाजूने चालायला लागली. गाडीत मुलगी खिडकीला चिकटून बसली. वाळू, उंट, विजेचे खांब बघत राहिली. जुबैल जवळ आलं तेव्हा मी आरशात पाहिलं, तर तिचं डोकं आईच्या खांद्यावर कलंडलं होतं आणि तोंड उघडं टाकून ती गाढ झोपली होती. आईचा हात अवघडलेला दिसत होता, पण ती तो तसूभर हलवत नव्हती. मी मुद्दाम आमच्या वळणावरून पुढे गेलो आणि समुद्राच्या रस्त्याने मोठा वळसा घातला.

आता शुक्रवारी ती येत नाही. तिचं घर आहे, माणसं आहेत, आणि हेच तर आम्हाला हवं होतं. पण शुक्रवार उजाडला की घर फार मोठं वाटतं, हे मात्र खरं.