एंटर दाबला की चालणारा बाण

नव्वदच्या दशकाच्या शेवटी माझं लग्न जवळजवळ ठरलं होतं. मुलगी देवळ्याची. पत्रिका जमली होती, बघण्याचा कार्यक्रमही झाला होता, आणि मला ती इतकी आवडली की परतताना नाशिकच्या द्वारका चौकात उतरायचं विसरून मी थेट शेवटच्या, सीबीएस स्टँडला गेलो. आता एवढंच राहिलं होतं, की मुलगा कॉम्प्युटरवर नक्की करतो काय, ते तिच्या वडिलांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. ते कांदा पिकवायचे. बघितल्याशिवाय त्यांनी कधी बीसुद्धा घेतलं नव्हतं. दसऱ्याला नाशिकला येतो म्हणाले.

आमचं ऑफिस म्हणजे एक खोली आणि दोन कॉम्प्युटर. दसऱ्याच्या सकाळी मालकांच्या आईंनी पूजा केली. मॉनिटरला झेंडूची माळ, कीबोर्डला हळदकुंकू. माउसपाशी आल्यावर त्यांनी विचारलं, "ह्यात काम कोण करतं?" मालकांनी माउस उलटा करून पोटातला गोळा दाखवला. आईंनी त्या गोळ्यालाच ओलं गंध लावलं आणि भरपूर अक्षता वाहिल्या. दोन्ही माउसना, भेदभाव नको म्हणून.

गंध आत वाळलं, तांदळाच्या कण्या अडकल्या, आणि पडद्यावरचा बाण जागचा हलेना. मी टाचणीने खरवडून पाहिलं. दुकानं अजून उघडली नव्हती, आणि पाहुणे तासाभरात यायचे होते.

पण बाणाला माउस लागतोच असं नाही. आडवं किती, उभं किती, हे दोन आकडे प्रोग्रॅममधून दिले की तो तिथे जाऊन बसतो. आमचा प्रोग्रॅम मंगल कार्यालयाच्या बुकिंगचा होता. मी घाईघाईने असं लिहिलं, की एंटर दाबला की बाण तारखेवर जाईल, पुन्हा दाबला की हॉलवर, मग 'बुक करा'वर, आणि दर वेळी क्लिकही आपोआप होईल. सुरेख चाललं. मी स्वतःवर जाम खूश झालो.

मुलीचे वडील आले, आपट्याची पानं दिली आणि खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. मी एंटर दाबला. बाण निघाला.

"ह्याला हलवतंय कोन?"

"मीच. सकाळी लिहून ठेवलंय."

"आन् आत्ता?"

"आत्ता फक्त हे बटण दाबायचं."

"मी दाबू?"

दाबा म्हटलं. त्यांनी जपून एका बोटाने दाबत दाबत एक लग्न बुक केलं.

"लय सोपं हाय," ते म्हणाले. "मलाबी येतंय. मंग तुमी काय करता?"

मालक माझ्या मदतीला धावले. "ह्यांनी एकदा लिहिलं ना, की पुन्हा कोणाची गरजच पडत नाही!"

"ह्यांचीबी नाय?"

"अजिबात नाही!" मालक अभिमानाने म्हणाले.

वडिलांनी मान हलवली, चहा घेतला आणि दुपारची गाडी धरली.

आठवडाभरात निरोप आला की पत्रिका जमत नाही. पत्रिका जमली म्हणूनच तर आम्ही देवळ्याला गेलो होतो. आई त्या लोकांवर बरेच दिवस चिडून होती. मला चिडता येईना, नुसतं वाईट वाटत राहिलं. तिच्या वडिलांना काय उत्तर द्यायला हवं होतं, ते मला अजूनही सुचलेलं नाही.